सिंकने शाहिरांचं रेकॉर्डिंग पुसलं गेलं. परत मिळेल का? आणि क्लाउडऐवजी आता काय वापरू?

वैनगंगाकाठ

नमस्कार मंडळी. ब्रह्मपुरी तालुक्यात नदीकाठच्या गावात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, मंडईतली (म्हणजे आमच्याकडच्या गावजत्रेतली) नाटकं, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, जे काम येईल ते करतो. एडिटिंग माझा मावसभाऊ नागपुरात बसून करतो. मी इकडून कच्चं फुटेज चढवायचं, त्यानं तिकडून तयार व्हिडिओ चढवायचा. यासाठी गेली पाच वर्षं एका मोठ्या कंपनीचा क्लाउड वापरतोय, रीतसर पैसे भरून. तो दोघांकडचं फोल्डर आपोआप सारखं ठेवतो, त्यालाच सिंक म्हणतात. धान विकला की आधी त्यांचं वर्षाचं भाडं भरतो, मग बाकीचं.

क्लाउडकडे वळलो त्याला कारण होतं. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला पूर आला तेव्हा माझ्या दुकानात कमरेएवढं पाणी होतं. तीन हार्ड डिस्क टेबलाच्या खालच्या कप्प्यात होत्या. पाणी ओसरल्यावर चिखलातून काढल्या, धुतल्या, वाळवल्या, पण एकही चालली नाही. गावातली नऊ वर्षांची लग्नं त्यात गेली. अजूनही एखादी बाई येते नि विचारते, "भाऊ, माझ्या बाबाचा एखादा फोटो निघते का जी?" तेव्हाच ठरवलं की आता जमिनीवर काही ठेवायचं नाही, सगळं वर ठेवायचं.

आता झालं ते सांगतो. दिवाळीनंतरच्या मंडईत आमच्या गावच्या शाहिरांची खडी गंमत मी पूर्ण रेकॉर्ड केली. वय ऐंशीच्या पुढे. खडी गंमत म्हणजे आमच्याकडचं डफावरचं लोकनाट्य, उभ्यानंच करतात, नावच त्यावरून आलं. दोन तास ते उभे होते. डफ वाजवताना डाव्या हाताचा अंगठा कडीच्या आत घट्ट रोवलेला, आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी डफ कानाजवळ नेऊन जरा थांबायचे. सुरुवातीलाच मला म्हणाले होते, "एकडाव सारं भरून घे गा. मंग कोन म्हनन?" कार्यक्रम संपल्यावर लोक उठले तरी ते डफ मांडीवर घेऊन बसले आणि लहानपणी कोणाच्या मागे फिरून शिकले ते बोलत राहिले. मी कॅमेरा बंद केला नाही.

सात फाइली झाल्या, एकूण २६ जीबी. माझ्या एका सिमवर रात्री बारा ते सहा डेटा अमर्याद आहे, त्यावर चढवायला आठ रात्री लागल्या. लाईन गेली की राउटर बंद, आणि लाईन आली की ४ जीबीची फाइल पुन्हा शून्यापासून. रात्री दोन-दोनदा उठून पाहायचो. शेवटी सातही फाइलींपुढे हिरवी खूण आली. लॅपटॉपची डिस्क २५६ जीबीचीच आहे, लग्नसराई तोंडावर होती, म्हणून त्याच प्रोग्रॅममधलं 'जागा मोकळी करा' हे बटण दाबलं. फाइली दिसत राहिल्या, फक्त शेजारी छोटा ढग आला. मला वाटलं, वर आहेत म्हणजे आहेत.

संक्रांतीच्या सुमारास मावसभावाची डिस्क भरली. त्याला वाटलं आपल्याकडची कॉपी काढतोय, म्हणून त्यानं ते फोल्डर डिलीट केलं. इंग्रजीत एक चौकट आली होती म्हणतो, ओके दाबलं. तिथून क्लाउडवरूनही गेलं, माझ्याकडचे ढगही गेले. मी लग्नांच्या धावपळीत, माझ्या लक्षातच आलं नाही.

शाहीर गेल्या गुरुवारी वारले. त्यांचा नातू आला, "तेरवीले आबाचा व्हिडिओ लावू जी, पडद्यावर." मी लॅपटॉप उघडला तर फोल्डरच नाही. क्लाउडच्या कचरापेटीत ३० दिवस राहतं, ते केव्हाच उलटून गेले होते. कंपनीला लिहिलं, दोन दिवसांनी इंग्रजीत उत्तर आलं की मुदत संपल्यावर काही करता येत नाही. कॅमेऱ्याची कार्डं तर त्यानंतर वीस वेळा फॉरमॅट झाली.

मावसभावाला कोणी दोष देऊ नका, तो रोज फोन करून रडतो. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. त्या फाइली कुठून तरी निघू शकतील का? आणि यापुढे आम्ही दोघांनी काय वापरावं? इथे दिवसाला चार-सहा तास लाईन नसते, नेट रात्री बरं चालतं, दिवसा नाही. तेरवीला आठ दिवस आहेत.

दुरुस्तीवाला

भाऊ, बाकीचं नंतर. आत्ताच्या आत्ता मावसभावाला फोन करा आणि तो कॉम्प्युटर बंद करायला सांगा. शटडाउन नाही जमलं तर प्लग काढला तरी चालेल. त्यावर एकही नवीन फाइल पडायला नको. मग मला सांगा, ते फोल्डर त्याच्याकडे कोणत्या डिस्कवर होतं? एसएसडी की जुनी फिरणारी हार्ड डिस्क?

यावरच सगळं अवलंबून आहे. एसएसडीवर फाइल डिलीट झाली की विंडोज 'ट्रिम' नावाची आज्ञा पाठवते, डिस्क ती जागा आतून रिकामी करून टाकते, मग काही निघत नाही. फिरणाऱ्या डिस्कवर तसं सहसा होत नाही. तिथे फक्त यादीतलं नाव खोडलं जातं, मजकूर त्या जागी तसाच असतो, त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. तुमच्या लॅपटॉपची आशा सोडा, तिथे तर फाइलींच्या नावाच्या पाट्याच होत्या, आत काही नव्हतं.

वैनगंगाकाठ

केला फोन, बंद केला त्यानं. डी ड्राइव्हवर होतं, १ टीबीची फिरणारी हार्ड डिस्क. पण त्यानंतर तीन लग्नांचं फुटेज त्याच डिस्कवर टाकलंय.

दुरुस्तीवाला

मग थोडी आशा आहे, पूर्ण नाही. तीन लग्नांनी किती जागा खाल्ली आणि नेमकी कुठली खाल्ली, ते नशीब.

डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा. फोटोरेक नावाचा प्रोग्रॅम आहे, फुकट आणि मुक्त स्रोत, पैसे मागणाऱ्या साइटींवर जाऊ नका. तो दुसऱ्या कॉम्प्युटरवरून चालवा, आणि सापडलेल्या फाइली साठवायला तिसरी, वेगळी डिस्क द्या. त्याच डिस्कवर साठवलं तर जे शोधताय त्याच्यावरच माती टाकाल. फोटोरेक यादी बघत नाही, डिस्कचा तुकडा न् तुकडा वाचून फाइलींच्या सुरुवातीच्या खुणा ओळखतो. म्हणून जुनी नावं मिळणार नाहीत, एफ अक्षर आणि पुढे आकडे अशी हजारो नावं निघतील. आकाराने लावा, ४ जीबीच्या आसपासच्या आधी बघा. मोठी फाइल डिस्कवर तुटक तुटक लिहिलेली असेल तर मध्येच दुसरंच काही दिसेल, ते दुरुस्त होणं कठीण.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर काहीच करू नका, बंद करा. नागपुरात असेल तर माझ्या दुकानी आणायला सांगा, पैशाचं बोलणं नको. गंमतीचं रेकॉर्डिंग आहे, माझे वडीलही वैनगंगेकाठचेच, पवनीचे.

कोथरूडकर

वाचून वाईट वाटलं. कायमचा उपाय म्हणजे स्वतःचा क्लाउड. नेक्स्टक्लाउड बघा, २०१६ मध्ये ओनक्लाउडमधून वेगळा झालेला मुक्त प्रकल्प आहे. जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून त्यात बसवा, एक डोमेन घ्या. मी तीन वर्षं घरी चालवतोय, फोटोंपासून कॅलेंडरपर्यंत सगळं त्यावर.

मास्तरीण

कोथरूडकर दादा, तुमचं बरोबर आहे, पण तुमच्याकडे लाईन असते. सर्व्हर हा चोवीस तास जागा लागतो. शिवाय मोबाइलच्या नेटवर आपल्याला स्वतःचा पत्ताच नसतो, कंपनी एकाच पत्त्यामागे हजारो ग्राहक बसवते, बाहेरून आपल्या कॉम्प्युटरपर्यंत कोणाला सरळ येता येत नाही. गावातल्या स्टुडिओत हे सांभाळत बसलं तर फोटो कोण काढणार?

वैनगंगाकाठ भाऊ, मी सिंदेवाही तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत शिकवते. मुलांच्या आज्यांकडून दळणाची, रोवणीची गाणी फोनवर भरून आणते, आता सहाशेच्या वर झाली. चार वर्षांपासून सिंकथिंग वापरते. यात मध्ये कंपनी नाही, खातं नाही, भाडं नाही. दोन कॉम्प्युटर एकमेकांशी सरळ बोलतात. पत्ता सापडला नाही तर रिले नावाच्या मधल्या ठेप्यावरून जातात, पण तिथून जाताना मजकूर कुलूपबंदच असतो. आणि तुमची रात्रीची झोप ज्यानं घालवली तो प्रश्न यात येत नाही. हा फाइलीचे लहान लहान तुकडे करून पाठवतो. लाईन गेली, परत आली, तर राहिलेले तुकडेच जातात.

अट एकच, दोन्ही कॉम्प्युटर एकाच वेळी चालू पाहिजेत. तुमच्या रात्रीच्या सिमला ते जमेल.

मी असती तर दोन फोल्डर केले असते. एक 'कच्चं'. ते तुमच्याकडे 'सेंड ओन्ली' (फक्त पाठवायचं) आणि मावसभावाकडे 'रिसीव्ह ओन्ली' (फक्त घ्यायचं) ठेवा. मग त्यानं तिकडे चुकून फोल्डरातल्या सगळ्या फाइली उडवल्या तरी ते तुमच्यापर्यंत पोचतच नाही. त्याच्या स्क्रीनवर 'रिव्हर्ट' असं बटण येतं, ते दाबलं की सगळं पुन्हा तुमच्याकडून येतं. दुसरं 'तयार', त्याच्या अगदी उलट. आणि दोन्हीकडे 'फाइल व्हर्जनिंग' चालू करून त्यात 'ट्रॅश कॅन' निवडा, दिवसांच्या जागी शून्य लिहा. म्हणजे समोरच्यानं पुसलेली फाइल तुमच्याकडे एका लपलेल्या फोल्डरात पडून राहते, कधीच आपोआप जात नाही. पण हे समोरच्याच्या पुसण्याला लागू आहे. तुम्ही स्वतः तुमच्या हातानं पुसलं तर तुमच्याकडे ते वाचवत नाही.

फोनवर टाकणार असाल तर अँड्रॉइडचं मूळ अॅप डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं, सिंकथिंग-फोर्क म्हणून आहे ते घ्या.

फुकटच्या क्लाउडमागेही जाऊ नका. गूगलचे १५ जीबी मिळतात पण मेल आणि फोटो त्यातच, वनड्राइव्हचे ५, ड्रॉपबॉक्सचे २. तुमची एक फाइलच ४ ची आहे.

धानपट्टा

सगळ्यांनी सांगितलं ते ठीक. मी एकच सांगतो. २६ जीबी २ एमबीपीएसने चढवायला न थांबता २९ तास लागतात. ब्रह्मपुरीहून सकाळच्या एसटीत डिस्क बसवली तर दुपारच्या जेवणाच्या आत नागपूर. आम्ही निवडणुकीच्या वेळचे व्हिडिओ असेच पाठवायचो, ओळखीच्या माणसाच्या हातात, रुमालात गुंडाळून. नेटने लहान फाइली पाठवा, कच्चं फुटेज हातानं पाठवा.

दुरुस्तीवाला

धानपट्टा, मस्त. आणि मास्तरीणबाईंच्या म्हणण्यात एक भर घालतो, कारण माझ्या दुकानात आठवड्याला एक तरी माणूस हेच दुखणं घेऊन येतो. सिंक म्हणजे साठवण नाही. सिंकचं कामच दोन्हीकडे सारखं ठेवणं आहे. इकडे पुसलं तर तिकडे पुसणं हे तो चुकून करत नाही, त्याला तेच सांगितलंय. क्लाउड असो की सिंकथिंग. साठवण म्हणजे अशी कॉपी की जिला तार जोडलेली नाही आणि जिला कोणी बाहेरून हात लावू शकत नाही.

भाऊ, पुरानं तुम्हाला हार्ड डिस्कवर अविश्वास शिकवला, पण चूक डिस्कची नव्हती, तिन्ही एकाच कप्प्यात होत्या. दोन डिस्क घ्या. एक दुकानात नको, घरी वरच्या माळ्यावर, हवाबंद डब्यात. आपल्याकडे पावसाळ्यात ओल चढते, त्यात सिलिका जेलच्या चार पुड्या टाका. दुसरी मावसभावाकडे नागपुरात. महिन्याला अदलाबदल करा, एसटी आहेच. कॉपी करायला फ्रीफाइलसिंक वापरा आणि त्यात 'अपडेट' हा प्रकार निवडा, 'मिरर' नको. अपडेटमध्ये नवीन फाइल डिस्कवर जाते, पण लॅपटॉपवरून पुसलेली डिस्कवरून पुसली जात नाही. कॉपी झाल्यावर हिरव्या खुणेवर विसंबू नका, डिस्कवरची फाइल उघडून मधून चालवून बघा. तेवढं झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही.

कोथरूडकर

मास्तरीणताई, मान्य. माझ्या डोक्यात माझंच घर होतं. सिंकथिंग मीही लावून बघतो.

वैनगंगाकाठ

मंडळी, काल तेरवी झाली. आज जरा निवांत बसून लिहितोय.

मावसभाऊ डिस्क घेऊन दुरुस्तीवाल्या दादांच्या दुकानी गेला. रात्रभर फोटोरेक चालला. सकाळी अकरा हजारांच्या वर तुकडे निघाले होते, त्यात नवऱ्या, हळदी, बँडवाले, सगळं मिसळलेलं. मी पहिल्या एसटीने नागपूर गाठलं. आम्ही दोघं आकाराने लावून एकेक उघडत बसलो. दुपारी दीडच्या सुमारास एक फाइल उघडली आणि आधी नुसता काळोख, मग डफाची एक थाप आली. मावसभावानं माझा हात धरला. दादांनी दुकानातलं बाकीचं काम बाजूला ठेवलं होतं, तेही येऊन उभे राहिले.

सातांपैकी पाच फाइली पूर्ण आहेत. नमन, गौळण, दोन लावण्या आणि झगड्याचा बराचसा भाग आला. सहावी आठ मिनिटं चालते, मग मध्येच कोणाच्या तरी वरातीचा घोडा येतो. सातवी नाही. ती सातवी म्हणजे कार्यक्रमानंतर डफ मांडीवर घेऊन ते बोलले होते ती. ती गेली. मला आठवतं तेवढं मी वहीत लिहून काढलं, आणि त्यांच्या ढोलकीवाल्यांकडे जाऊन बसलो. त्यांना माझ्यापेक्षा पुष्कळ आठवतं. ते सांगत होते ते या वेळी भरून घेतलं, आणि त्याच संध्याकाळी दोन जागी ठेवलं.

दादांनी पैसे घेतले नाहीत. मी घरचा नवीन तांदूळ देऊन आलो.

सिंकथिंग दोन्हीकडे लावलं, मास्तरीणताईंनी सांगितलं तसंच, 'कच्चं' आणि 'तयार'. परवा रात्री ३ जीबीची एक फाइल जाताना दोनदा लाईन गेली. सकाळी पाहिलं तर पूर्ण पोचलेली. मावसभावानं मुद्दाम तिकडे एक फाइल पुसून पाहिली, माझ्याकडे तशीच राहिली, आणि रिव्हर्ट दाबल्यावर त्याच्याकडेही परत गेली. दोन डिस्क घेतल्या. एक माळ्यावर आहे, पुराच्या खुणेच्या बरीच वर. क्लाउडचं भाडं यंदा भरणार नाही, पण खातं बंद करण्याआधी तिथलं सगळं उतरवून घेतोय, त्याला महिना लागेल.

तेरवीला पडदा लावला नाही. घरच्या बायांनी सांगितलं, घरातच लावा. शाहिरांच्या घरचा टीव्ही जुना आहे, पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला असला तरच वाचतो, आणि त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. कॅमेऱ्याच्या ३२ जीबीच्या कार्डालाही तीच मर्यादा असते, म्हणूनच तर त्याच्या सात फाइली झाल्या होत्या. तेव्हा त्या तशाच्या तशा बसल्या. पेनड्राइव्ह लावला, नातवानं रिमोटवर बटण दाबलं. त्यांची म्हातारी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. गौळण सुरू झाली तशी खाली बसली आणि शेवटपर्यंत उठली नाही. पेनड्राइव्ह त्यांच्याकडेच ठेवून आलो.